सगळ्यांचे ओटीपी पंडितकडे

पंडित,

आज सकाळी मंडळाच्या ग्रुपवर तू माझा फोटो टाकलास. भोवती गुलाबाची फुलं, खाली ‘आदरणीय अरुणाबाईंना चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’, आणि त्याखाली माझी पूर्ण जन्मतारीख, जन्मगाव, सुरतेतला पत्ता आणि मोबाईल नंबर. त्या ग्रुपात चारशे अकरा माणसं आहेत. त्यातली फार तर साठ मी ओळखते. उरलेल्या साडेतीनशेंना मी कधी जन्मले आणि कुठल्या मजल्यावर एकटी राहते हे कळवण्याची तुला काय घाई झाली होती? तो फोटो काढ, आत्ता. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर फोन कर, आणि तोही दोन वाक्यांत आटप. एवढं सगळं होऊन गेल्यावरही तुझा अंगठा थांबत नसेल तर

इथवर लिहिलं आणि कागद बाजूला सारला. पंडितला पत्र पाठवण्यात काही अर्थ नाही. तो पाकीट फोडील, पत्राचा फोटो काढील, वर ‘बाईंचे आशीर्वाद’ असं लिहील आणि त्याच ग्रुपवर टाकील. वाचणार मात्र नाही. म्हणून त्याला लिहायचं सोडून त्याच्याविषयी लिहिते. यात ज्या मुलीची हकिगत आहे तिला विचारलं आहे आणि तिचं, तिच्या आईचं नाव बदललं आहे. पंडितचं बदललेलं नाही. त्याने आजवर कुणाचं काही झाकलं नाही. त्याचं मी का झाकू?

पंडित उखा बागूल. वय साठ. बाप उखा शिंदखेड्याकडून सुरतेला आला आणि लूमच्या खात्यात लागला. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. मी विज्ञानाची पदवी घेऊन, लग्न होऊन सुरतेला आले आणि म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत गणित शिकवू लागले, तेव्हा पंडित सातवीत होता. अक्षर मोत्यासारखं, डोकं मध्यम. वर्गात त्याची एक खोड होती. तो दुसऱ्याच्या पेपरात बघायचा नाही. आपला पेपर दुसऱ्यांना दाखवायचा. पुढच्याला, मागच्याला, बाजूच्याला, न मागता. मी कान पिळला तर म्हणायचा, बाई, त्याला येत नव्हतं म्हणून. त्याचंही उत्तर बहुधा चूकच असे, त्यामुळे एका बाकावरच्या चौघांची एकच चूक मला चार वेळा लाल शाईने कापावी लागे. मदत करतो आहोत अशी त्याची खात्री असे. ती आजही आहे, आणि खात्री असलेल्या माणसाला शिकवणं हे मी केलेलं सगळ्यांत निरुपयोगी काम आहे.

पुढे तो कापड रंगवणाऱ्या एका मिलच्या ऑफिसात लागला. अक्षर चांगलं म्हणून चलनं लिहायला बसवला, मग कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यापुढे बसवला. तिथे अख्ख्या ऑफिसचा एकच पासवर्ड होता आणि तो पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने चिकटवलेला होता. पंडितचं संगणकाचं शिक्षण त्या चिकटपट्टीपाशी सुरू झालं आणि तिथेच संपलं. चौदा वर्षं त्याने ती पट्टी पाहिली. मालाची चोरी झाली नाही, म्हणून त्याला वाटलं असंच करायचं असतं.

पाच वर्षांपूर्वी मिल सुटली आणि पंडितने सुरतेच्या गोडादरा भागातल्या घरात, रस्त्याकडच्या खोलीत टेबल मांडलं. जुना कॉम्प्युटर, प्रिंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, बाहेर ओट्यावर चपलांचा ढीग. आमच्या खानदेशी मंडळाचा तो सचिव. लोक त्याला आप्पा म्हणतात. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाची नोकरीची भरती, सगळं आप्पा भरून देतात, आणि पैसे घेत नाहीत. हे शेवटचं लोक मला इतक्या कौतुकाने सांगतात की जणू फुकट केलेलं काम आपोआप बरोबर होतं.

आता त्याची पद्धत ऐका. पोरं पासवर्ड विसरतात, म्हणून पंडितने एकच साचा केला. नाव, मग तो गोल ॲटचा शिक्का, मग जन्मसाल. सुनील असेल तर सुनीलचं नाव आणि साल, गायत्री असेल तर गायत्रीचं. कुणी विचारायला आलं तर त्याला वही उघडावी लागत नाही, तोंडचं सांगता येतं. ते त्याला फार हुशारीचं वाटतं. ज्याला आपला पासवर्ड माहीत झाला त्याला अख्ख्या गोडादऱ्याचा माहीत झाला, हे मी त्याला कागदावर समीकरण मांडून दाखवलं. तो म्हणाला, बाई, आपलेच तर लोक आहेत.

दुसरं म्हणजे पोरं सिमकार्डं बदलतात, म्हणून मोबाईल नंबराच्या चौकोनात पंडित स्वतःचाच नंबर घालतो. परवानगीचा आकडा, म्हणजे ओटीपी, येतो तो त्याच्या फोनवर. मग ज्याला हवा तो फोन करतो, ‘आप्पा, ओटीपी आला का?’, आणि पंडित चष्मा कपाळावर सारून आकडे वाचून दाखवतो. दूध घालणाऱ्या भय्यासारखा रोज दारोदार रतीब.

तिसरी त्याची वधू-वर सूची. ही गोष्ट मुळात वाईट नाही. पूर्वी ती छापील होती, तीनशे प्रती, जानेवारीच्या मेळाव्यात नाव लिहून घेऊन मिळायची, आणि घराघरांत कपाटात पडून राहायची. आपल्याकडे मुलीचं स्थळ पाहताना काय काय विचारतात हे मी सांगायला नको: जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, कूळ, मामेकूळ, आईचं माहेर, बापाचं काम, पत्ता, दोन नंबर आणि पायापासून डोक्यापर्यंतचा एक फोटो. गेल्या दिवाळीत पंडितने हे सगळं, दोनशे सत्तर मुलामुलींचं, एका लिंकवर चढवलं. ना कुलूप, ना नोंद. ज्याच्या हाती लिंक पडेल त्याला उघडते. त्याने मला फोन करून अभिमानाने सांगितलं की बाई, अमेरिकेतूनही दिसते.

आता बँक असो, सरकार असो, पासवर्ड विसरलात तर काय विचारतात? तुमचा जन्म कुठला, आईचं माहेरचं आडनाव काय. म्हणजे जे प्रश्न कुलपाच्या आत ठेवायचे तेच आपण फोटोसकट छापून वाटतो. हे मी त्याला दिवाळीतच सांगितलं. लिंक फक्त नावं नोंदवलेल्यांना उघडेल अशी कर, मेळावा झाला की काढून टाक, आणि ते होत नसेल तर निदान जन्मतारीख आणि आईचं माहेर झाक. ज्याला सोयरीक करायची तो घरी येऊन विचारील. तो हो बाई म्हणाला. मी फोन ठेवला आणि काम झालं असं समजले. शिक्षकांना ही वाईट सवय असते.

आता श्वेता. श्वेताची आई शोभाबाई साड्यांवर टिकल्या चिकटवते. नवरा लूमवर होता, तो श्वेता दहावीत असताना गेला. मुलगी माझ्याकडे गणिताला यायची. नर्सिंग केलं, खासगी इस्पितळात लागली, आणि सरकारी परिचारिकेच्या भरतीचा अभ्यास करू लागली. सरकारी नोकरी म्हणजे त्या दोघींना टिकल्यांच्या डिंकातून सुटका. शोभाबाईचे डोळे गेल्या दोन वर्षांत इतके अधू झाले आहेत की ती टिकली बोटाने चाचपून लावते. पुढे जे काही झालं ते या एका जागेसाठी झालं.

अर्ज श्वेता स्वतः भरू शकत होती. माझ्यापेक्षा भराभर भरला असता. पण शोभाबाई ऐकेना. तिचं म्हणणं, आप्पांच्या हाताला यश आहे. त्यांनी ज्याचा फॉर्म भरला त्याचं काम झालं. गोडादऱ्यात ही श्रद्धा सार्वत्रिक आहे. भरतीच्या दिवसांत लोक पंडितकडे नारळ घेऊन जातात, तो कॉम्प्युटरला हळदकुंकू लावतो आणि मग भरतो. ज्यांचं काम होत नाही ते परत नारळ घेऊन येत नाहीत, त्यामुळे पंडितचं यश मोजताना फक्त यशच मोजलं जातं. श्वेता आईसाठी गेली. पासवर्ड तोच साच्यातला. नंबर पंडितचा. गुप्त प्रश्न, आईचं माहेरचं आडनाव. उत्तर, देवरे.

नंतर तिने मला सांगितलं तेव्हा मी तिला झापलं. म्हटलं, घरी जाऊन आधी नंबर बदल, पासवर्ड बदल, आणि त्या प्रश्नाचं उत्तर खोटं लिही. मशीनला तुझ्या आजोळाशी काही देणंघेणं नाही. माहेरचं आडनाव म्हणून ‘कारलं’ लिही, फक्त लक्षात ठेव. ती हसली आणि म्हणाली, सरकारी फॉर्ममध्ये खोटं कसं लिहू? आणि बाकीचं निकाल लागला की बदलते. शहाण्या मुलीसुद्धा आळस करतात, आणि आळसाला त्या श्रद्धा म्हणतात.

सूचीच्या पान त्रेसष्टवर तिचा फोटो होता. तो पाहून मार्चमध्ये लखनचं स्थळ आलं. लखन कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात मशीनवर बसतो, पगार चांगला, बोलणं गोड. त्याचाही भरतीचा अर्ज मागे पंडितनेच भरला होता. शोभाबाईने सांगितलं, आधी नोकरी, मग लग्नाचं बघू. लखनच्या घरच्यांना ते झोंबलं. लखनला जास्त झोंबलं. त्याने दोनदा फोन केला, नोकरी कशाला हवी म्हणून. श्वेताने तिसरा उचलला नाही.

मेमध्ये निकाल लागला. श्वेता यादीत होती. जूनमध्ये सरकारी पोर्टलवर सहा दिवस होते, ज्याला जागा मिळाली त्याने ‘स्वीकारते’ किंवा ‘हक्क सोडते’ यातलं एक दाबायचं. श्वेताने पंडितकडून ओटीपी घेऊन पहिल्याच दिवशी स्वीकारलं; नंबर, पासवर्ड बदलायचे राहूनच गेले. शेवटच्या दिवसापर्यंत बदल करायची मुभा होती, ती तिने वाचली नाही. यादी लागली तेव्हा तिच्या नावापुढे लिहिलं होतं, उमेदवाराने हक्क सोडला आहे.

ती इस्पितळातून तशीच माझ्याकडे आली. मी तिला पाणी दिलं आणि रडायला बंदी केली. म्हटलं, रडून झालं की करायचंच आहे ते आत्ता करू. तिच्या खात्यात आत गेलो, ये-जा कधी झाली ती नोंद काढली. गुरुवारी सकाळी अकरा अडतीस. त्या वेळी श्वेता वॉर्डात होती, फोन कपाटात, हजेरीपुस्तकात सही. कुणीतरी साच्यातला पासवर्ड वापरून आत गेलं, आईचं माहेर सांगितलं, हक्क सोडला आणि ओटीपी घालून पक्कं केलं. पासवर्डसाठी लागणारं साल पान त्रेसष्टवर. आईचं माहेर पान त्रेसष्टवर. आणि ओटीपी पंडितच्या खिशात.

भरती करणाऱ्या सरकारी खात्याने सांगितलं, दहा दिवसांत अर्ज करा, पोलिसांची नोंद आणि पुरावा जोडा. नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल.

रविवारी सकाळी मी गोडादऱ्याला गेले. ओट्यावर नऊ माणसं बसली होती. मी त्यांना सांगितलं, आज आप्पा आजारी आहेत, घरी जा. पंडित आतून ऐकत होता, पण बाहेर आला नाही. त्याला अजून माझी भीती वाटते, तेवढीच त्याच्यातली एक चांगली गोष्ट आहे.

“गुरुवारी साडेअकराला श्वेताचा ओटीपी तुझ्याकडे आला,” मी म्हटलं. “कुणाला दिलास?”

“बाई, दिवसाला वीस-पंचवीस येतात. ज्याचा फोन येतो त्याला सांगून मोकळा होतो. नाव-गाव कुठे विचारत बसू?”

“मेसेज काढ आणि मोठ्याने वाच.”

त्याने शोधला. सापडला, कारण पंडित काही पुसत नाही. हक्क सोडण्यासाठी आपला ओटीपी अमुक अमुक, हा कोणालाही सांगू नका.

“शेवटचं परत वाच.”

“कोणालाही सांगू नका,” त्याने वाचलं, अगदी सातवीतल्या आवाजात.

आत चहा टाकत असलेली त्याची बायको सुषमा अहिराणीत म्हणाली, “पाच वरीसमा आज पहिल्यांदा वाचं त्यास्नी.” पंडितने तिला गप्प बसायला सांगितलं. ती बसली नाही. ती म्हणाली, बाई, घरातल्या तेलाच्या डब्याला कुलूप लावतात हे, आणि लोकांचे आकडे खिडकीतून ओरडून सांगतात.

मग मी त्याला आलेल्या फोनांची यादी काढायला लावली. गुरुवार, अकरा एकोणचाळीस. ‘लखन कतारगाम.’

पंडितचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याला आठवलं. लखन म्हणाला होता, आप्पा, श्वेताचा ओटीपी द्या, तिनेच मला घ्यायला सांगितलंय.

“आणि तू दिलास.”

“मला वाटलं दोघांचं जमलं. मला तर आनंदच झाला, बाई. म्हटलं, सूचीतलं अजून एक लग्न.”

मी त्या फोनच्या पडद्याचे माझ्या फोनने फोटो काढले. त्याला सांगितलं, यातलं एक अक्षर पुसायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, आणि उद्या सोमवारी दहा वाजता सायबर गुन्हे शाखेत फोन घेऊन यायचं. पाच ओळींचा जबाब. अर्ज मी भरला, नंबर माझा घातला, ओटीपी माझ्याकडे आला, तो लखनने मागितला, मी दिला. खरं आहे ते एवढंच. यात तुला कुणी फाशी देणार नाही. मूर्खपणाला अजून कलम नाही. तो म्हणाला, येतो बाई, दहाला म्हणजे दहाला.

त्याच संध्याकाळी पाच वाजता पंडित माझ्या घरी हजर. हातात पेढ्यांचा पुडा. पेढे पाहिल्यावरच मला कळायला हवं होतं. तो आधी लखनच्या घरी जाऊन आला होता, मग शोभाबाईकडे, आणि आता माझ्याकडे. म्हणजे ‘कुणाला दाखवू नको’ सांगितलेली गोष्ट त्याने सहा तासांत दोन घरी नेली, आणि नेमकी आधी ज्याच्यापासून लपवायची त्याच्याकडे.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. लखन रडला. आईच्या पाया पडला. तापट आहे, मनाने वाईट नाही. जागा गेली तर पोरगी हो म्हणेल असं त्याला वाटलं, म्हणजे प्रेमच आहे ना एक प्रकारचं. पोलिसांत गेलो तर पोराचं आयुष्य जाईल, मंडळाचं नाव जाईल, जानेवारीत मेळावा आहे, सूचीत नावं द्यायला लोक कचरतील. त्यापेक्षा घरातल्या घरात मिटवू. लखनच्या बापाने हुंडा नको, खर्च आमचा, असं कबूल केलंय.

“म्हणजे श्वेताने त्याच्याशी लग्न करायचं,” मी म्हटलं.

“तिचंच कल्याण आहे, बाई. आणि लखन तिला नोकरी करू देईल, तसं मी वदवून घेतलंय.”

“कुठली नोकरी?”

तो पुड्याची दोरी सोडू लागला. मी पुडा त्याच्या हातात परत दिला.

“पंडित, एखाद्याच्या घराची किल्ली चोराला दिलीस, आणि आता म्हणतोस घरमालकिणीने चोराशी संसार करावा. उद्या दहाला ये. फोन घेऊन ये. बाकी काही आणू नकोस.”

तो हो म्हणाला. जिन्यात तो सावकाश उतरला, पाठीला पोक आल्यासारखा. क्षणभर मला त्याची कीव आली. आता तीही काढून घेते.

त्या रात्रभर शोभाबाई डळमळली असावी, कारण सकाळी येताना ती श्वेताकडे न बघता चालत होती. लखनच्या घरच्यांचं गोड बोलणं तिच्या कानात होतं, आणि एकट्या बाईला बदनामीची धमकी द्यावी लागत नाही, ती नुसती खोलीत ठेवून गेलं तरी पुरतं. बसमधून उतरल्यावर ती मला हळूच म्हणाली, बाई, मुलगा कमावता तर आहे. श्वेताने ते ऐकलं.

“आई, नुसता माझा पासवर्ड मिळाला तर ज्याने हे केलं,” ती म्हणाली, “त्याला मी मिळाले तर काय करील?”

त्या पोरीला गणितात मी कधी पैकीच्या पैकी दिले नव्हते. त्या दिवशी दिले असते.

दहा वाजले, साडेदहा वाजले. शाखेच्या बाहेर लिंबाखाली एक बाक आहे, त्यावर आम्ही तिघी. पंडितला फोन लावला तर वाजून बंद. मग सुषमाच्या फोनवर लावला, तर ती म्हणाली, नऊला कपडे घालून निघाले की हो. दहा बावन्नला माझा फोन वाजला. पंडितचा मेसेज होता, पण मला नाही, ग्रुपला. ‘सावधान. आपला ओटीपी व पासवर्ड कोणालाही सांगू नये. फसवणूक टाळा. जनहितार्थ, पंडित बागूल, सचिव.’ खाली चौदा जणांनी हात जोडले होते.

आम्ही आत गेलो. अधिकारी तरुण होता, गुजराती, बोलायला नीट. त्याने तक्रार पूर्ण ऐकली, नोंद घेतली, पोच दिली. माझ्या फोनमधले फोटो पाहिले आणि मान हलवली. “बेन, जेनो फोन छे एने लावो,” तो म्हणाला. ज्याचा फोन आहे त्यालाच आणा. फोटोचा फोटो कुणीही करू शकतं. फोन आणि फोनवाला समोर आला, त्याने सांगितलं, की पुढचं सोपं. त्याचं चूक नव्हतं. मी इतकी वर्षं हेच शिकवत आले, की नुसतं उत्तर चालत नाही, रीत दाखवावी लागते.

पंडित त्या दिवशी कुठे होता ते नंतर कळलं. लखनच्या घरच्यांबरोबर उधन्याला मेळाव्याचा हॉल बघायला गेला होता. त्या हॉलचं भाडं लखनचा बाप देणार आहे.

मुदतीचे उरलेले दिवस मी त्याच्याकडे तीन वेळा गेले. पहिल्यांदा तो घरी नव्हता. दुसऱ्यांदा होता, पण सुषमाने नाही म्हणून सांगितलं आणि डोळ्यांनी आतल्या खोलीकडे दाखवलं. तिसऱ्यांदा भेटला, म्हणाला, बाई, फोन दुरुस्तीला दिलाय. फोन त्याच्या वरच्या खिशात उजळत होता. मी पोलिसांना त्याचा पत्ता दिला; त्यांचं बोलावणं गेलं. पंडितने डॉक्टरचं पत्र पाठवलं, रक्तदाब.

दहाव्या दिवशी श्वेताने पोच, हजेरीपुस्तकाची नक्कल आणि माझे फोटो जोडून अर्ज केला. खात्याचं उत्तर आलं, दुसऱ्या व्यक्तीने हक्क सोडल्याचं सिद्ध होत नाही. जागा पुढच्या उमेदवाराला गेली. कोण आहे ती मुलगी ते मी पाहिलं नाही. तिचा यात काही दोष नाही.

श्वेता त्याच खासगी इस्पितळात आहे. शोभाबाई टिकल्या लावते. पुढच्या भरतीचा अर्ज श्वेताने एकटीने भरला, आपल्या नंबराने, नारळाशिवाय. आईचं माहेर म्हणून काहीतरी भलतंच लिहिलं. पासवर्ड चार असंबद्ध शब्दांचा केला आहे एवढं म्हणाली. मी म्हटलं, बघू, पुरेसा अवघड आहे का. तर म्हणाली, तुम्हालाही सांगणार नाही, बाई. या सगळ्या प्रकरणात मला बरं वाटलं ते तेवढ्या एका वाक्याने. वय झालं म्हणून हे जमत नाही असं माझ्या बरोबरीच्या बायका मला सांगतात. जमायला काय आहे यात? दाराला कडी घालताना कुणी वय विचारतं का?

तक्रार अजून बंद झालेली नाही. अधिकारी म्हणतो, फोनवाला आला तर आजही पुढे नेतो. लखनवर गुन्हा ठरला तर श्वेताला खात्याकडे पुन्हा दाद मागता येईल. म्हणून मी जबाब स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला आहे. पाच ओळी. पंडितला फक्त वाचायचं आहे, माझ्याबरोबर रिक्षात बसायचं आहे आणि तिथे सही करायची आहे. श्रावणात तो मला एका सत्काराचं आमंत्रण द्यायला आला, सत्कार त्याचाच. मी तो कागद त्याच्यापुढे ठेवला. म्हणाला, चष्मा घरी राहिला. मी माझा दिला. त्याने तो लावला, कागद हातात धरला, ओठ हलले, म्हणजे वाचलं असावं. मग चष्मा काढून पुसला आणि मला परत दिला.

“सोमवारी जाऊ, बाई,” तो म्हणाला. “नक्की.”

कुठल्या सोमवारी ते त्याने सांगितलं नाही, आणि मी दर सोमवारी नऊला फोन करते. तो उचलतो, हो म्हणतो, आणि येत नाही. रिक्षाला हात करायची वेळ अजून एकदाही आलेली नाही.